ऐशू इथवर आलेली

कावळा काही उतरेना.

उल्हास नदीच्या काठावर सकाळी नवाला पिंड मांडला, तेव्हा समोरच्या करंजावर सात-आठ कावळे बसले होते. साडेदहा वाजले तरी ते तिथेच होते. सहदेव हात जोडून उभा होता. खोपट डेपोतून दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेला एसटीचा कंडक्टर तो. चौतीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून काढलेली, त्यामुळे उभं राहण्याचं त्याला काही नव्हतं. पण पिंड त्याच्या सव्वीस वर्षांच्या मुलीचा होता, आणि तिला अजून काय हवंय हे त्याला कळत नव्हतं.

ऐश्वर्या, म्हणजे घरातली ऐशू, माजिवड्याच्या एका ऑफिसात बिलांचं काम बघायची. सकाळची पाळी, संध्याकाळी सहाला आंबिवलीच्या घरी. सोमवारी ताप आला, बुधवारी डॉक्टरांनी डेंगी सांगितला आणि शनिवारी पहाटे ती गेली. लेकीचं लग्न, नातवंडं, असलं काहीबाही मनात मांडून ठेवलेल्या माणसांना विचार करायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग उभे असलेले लोक एकेक वचन देऊन बघतात. मामा रतन पुढे झाला आणि म्हणाला, "ऐशू, आईबाबांना मी अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. चुलतभाऊ महेंद्र म्हणाला, "तुझी स्कूटी विकणार नाही गं आम्ही." एका कावळ्याने मान वळवली, तीही दुसरीकडे. दर वर्षी गणपतीला गावी जाऊ, घरातल्या तुळशीची काळजी घेऊ, असं सगळं म्हणून झालं. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. खरा आला नाही तर गवताचा लावायचा, अशी सोय शास्त्रात आहे. सहदेवला ते लागलं. आयुष्यभर त्याने लिंबू-मिरची बांधणाऱ्या ड्रायव्हरांची टिंगल केली होती. पण स्वतःच्या लेकीला गवताच्या कावळ्यावर वाटेला लावायचं, हे त्याच्याने होईना. त्याने खिशातून फोन काढला आणि घरी बायकोला लावला. मालन घाटावर आली नव्हती. त्यांच्याकडे बायका जात नाहीत.

"कावळा येत नाहीये," तो म्हणाला. "काय राहिलंय तिचं? तुला काही बोललेली का?"

मालन म्हणाली, "तिचे ते कोरियन पिक्चर अर्धे राहिलेत. तुम्ही म्हणा, बघतो म्हणून."

"काय?"

"तुम्ही म्हणा तर."

चारचौघांत, गुरुजींसमोर, हे कसं म्हणायचं? सहदेव दोन पावलं पुढे गेला आणि गाडीत शेवटच्या माणसाला तिकीट विचारावं तशा दबक्या आवाजात म्हणाला, "ऐशू, तुझे ते कोरियन सिनेमे... जे राहिलेत ते... शेवटपर्यंत बघू आम्ही."

खालच्या फांदीवरचा एक कावळा उतरला आणि पिंडावर चोच मारून गेला. बाकीचे त्याच्यामागे आले. मामा रडायला लागला. सहदेव मात्र कोरड्या डोळ्यांनी उभा राहिला. हे काय होऊन बसलं, याचाच त्याला अंदाज येईना.

आता झालं असं की वचन तर दिलं, पण ते पुरं करायचं कसं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. टीव्ही ऐशूने स्वतःच्या पगारातून घेतलेला, त्यातलं सगळं तिलाच ठाऊक. सात-आठ महिने तर त्याच्याकडे बघण्याचीही हिंमत झाली नाही. शेवटी मेमध्ये तिच्या ऑफिसातली मैत्रीण दिपिका भेटायला आली, तेव्हा सहदेवने भीतभीत विषय काढला. दिपिका कोळीवाड्यातली, बोलायला फटकळ, पण टीव्ही लावून दिल्यावर तीही गप्प झाली. पडद्यावर पिवळ्या मांजराचं चित्र आलं आणि खाली ऐश्वर्याचं नाव. आत एका ओळीत पाच सिनेमे होते. प्रत्येकाखाली लाल रेघ, कुठे अर्ध्यापर्यंत, कुठे आणखी पुढे.

"ही रेघ म्हणजे तिने बघितलेलं, काका," दिपिका म्हणाली. "पूर्ण बघितला ना, की तो या ओळीतनं जातो."

"हे कसले पिक्चर? ते नाचणाऱ्या पोरांचे?" सहदेवने विचारलं.

"नाय ओ. ते वेगळे. तिला हे छोटे आवडायचे. साधी मानसं असतात, कामाला जातात, घरी येतात. मी दहा मिनटात झोपायची. ती बोलायची, अगं हे बघ, आपलंच चाललंय सगळं."

सहदेवने सुरुवातीपासून बघायचं ठरवलं. मधूनच बघितलं तर काय कळणार? पण ऐशू कुठवर आली होती तेही हातचं जाऊ नये म्हणून त्याने पाचही रेघा किती मिनिटांवर थांबल्यात ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहून घेतलं. प्रवासी कुठे उतरला हे ध्यानात ठेवायची त्याची जुनी सवय.

मालनला इंग्रजी येत नव्हतं. सहदेव जुना मॅट्रिक, खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी अडखळत का होईना वाचायचा. ओळ आली की तो रिमोटने चित्र थांबवायचा, चष्मा नाकावर सरकवायचा, मनात जुळवणी करायचा आणि मग थांब्यांची नावं पुकारावीत तसं खणखणीत मराठीत सांगायचा. असल्या चालीने दोन तासांचा सिनेमा चार-चार संध्याकाळी चालायचा. शब्द अडला की दिपिकाला फोन. कोरियन नावं दोघांच्याही तोंडात बसेनात, तेव्हा मालनने आपली नावं ठेवली. पहिल्या सिनेमात लाँड्री चालवणारी एक विधवा होती. जिथे तिचं दुकान, ती इमारतच पाडणार होते. तिचं नाव पडलं सखुबाई.

मालनला आधी नवल वाटलं ते त्यांच्या घरांचं. "हे पण चपला बाहेर काढतात," ती म्हणाली. "आणि जमिनीवर बसून जेवतात. लोणच्याशिवाय घास उतरत नाही." मग ती सखुबाईच्या काळजीत पडली. दिवसा भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायची, "त्या बाईला भावाने तरी ठेवून घ्यायला हवं होतं." कितीतरी दिवसांनी घरात दुसऱ्या कुणाचं तरी दुःख आलं होतं. तेवढ्यापुरतं त्यांना हलकं वाटायचं.

एकसष्टाव्या मिनिटाला सहदेवने चित्र थांबवलं. "ऐशू इथवर आलेली," तो म्हणाला.

दोघं त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली. सखुबाई एका चादरीची घडी घालत होती. चादर अर्धी दुमडलेली, बोलता बोलता तोंड उघडं. मग त्याने पुढे चालू केलं. इथून पुढचं ऐशूने बघितलं नव्हतं, आणि ते तिच्यासाठी बघायचं होतं.

त्या सिनेमाच्या शेवटी सखुबाई दुकानाचं शटर ओढते, कुलूप लावते आणि बसथांब्यावर जाऊन बसते. बस येते. ती चढते. संपलं.

"संपलं कसं?" मालन म्हणाली. "तिला दुकान परत मिळतं ना. तो शिकलेला पुतण्या येतो आणि मिळवून देतो."

"तुला कोणी सांगितलं?"

"ऐशूने. मी पोळ्या लाटायचे तेव्हा ओट्यापाशी उभी राहून सगळी गोष्ट सांगायची ती मला."

सहदेव म्हणाला, "अगं, तिने शेवट बघितलाच नव्हता."

मालनच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिने पदर तोंडाशी नेला. पोरगी आईसाठी मनचे शेवट लावत होती, सगळ्यांचं भलं करत होती. हे कळल्यावर मालन दोन दिवस नीट जेवली नाही. दुसऱ्या सिनेमातले भांडलेले भाऊ एकत्र येतात, असं ऐशूने सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या समोरून निघून गेले. तिसऱ्यात परीक्षा देणारी मुलगी पास व्हायची होती, ती गावी परतली. प्रत्येक वेळी मालनला ऐशू थोडी थोडी खोटी पडल्यासारखं व्हायचं आणि ती नव्याने रडायची. सहदेवने मात्र जे लिहिलं होतं तेच वाचलं. आयुष्यात एकाही माणसाला फुकट सोडलं नाही, की कुणाकडून जास्त घेतलं नाही, असा तो कंडक्टर. खोटं वाचणं त्याच्या रक्तात नव्हतं.

त्याला स्वतःला वेगळंच काहीतरी टोचत होतं. दुसरा सिनेमा थांबला तोही वाक्याच्या मध्यावर. तिसऱ्यात ती मुलगी पाण्याचा ग्लास तोंडाला लावत होती, तिथेच. चौथ्यात एक म्हातारा वॉचमन जिना चढत होता, त्याचं एक पाऊल हवेत होतं. असं कोण उठतं? झोप आली तरी माणूस घोट संपेपर्यंत थांबतो.

चौथा संपला त्या रात्री जेवताना त्याला उमगलं, आणि घास हातातच राहिला. रोज साडेसातला तो फिरून घरी यायचा. दारात चपला काढल्याचा आवाज झाला की ऐशू टीव्हीवरचं तिचं ते बंद करायची आणि रिमोट त्याच्या हातात द्यायची. साडेसातला त्याच्या बातम्या. त्याला कधी मागावंही लागलं नव्हतं.

"मीच तोडायचो ना तिचे पिक्चर?" त्याने विचारलं.

मालनने ताटातून मान वर केली नाही. "अहो, तिला त्याचं काही वाटायचं नाही."

"कधी बोलली का नाही?"

"काय बोलणार? तुम्ही दमून यायचात."

"दमून कुठून? रिटायर झालेलो मी. नाक्यावर गप्पा मारून यायचो."

मालनने त्याच्या ताटात आमटी वाढली. त्या रात्री त्याने बातम्या लावल्या नाहीत, आणि पुढेही कधी लावल्या नाहीत.

राहिला पाचवा. वर्षश्राद्धाला तीन आठवडे होते, पण मालन त्याला हात लावू देईना. आज डोकं दुखतंय, उद्या चतुर्थी, परवा शेजारी बोलावलंय. सहदेवला वाटलं, शेवटचा संपला की ती ओळच जाईल, ऐशूच्या नावाखाली काही उरणार नाही, म्हणून ही टाळतेय. त्यालाही तेच नको होतं. पण नदीवर शब्द दिला होता. पोरीने वर्षभर वाट बघितली, आता आणखी अडकवून ठेवायची का तिला? श्राद्धाला पाच दिवस उरले तेव्हा त्याने मालनला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं.

हा सिनेमा एका आडगावातल्या बस ड्रायव्हरचा होता. बायको गेलेली, मुलगी मोठ्या शहरात कुठल्या तरी दुकानात कामाला. तो रोज जवळजवळ रिकामी बस घेऊन डोंगरातल्या गावांना जातो आणि येतो. सहदेव पहिल्यांदाच ओळी वाचायच्या सोडून बोलायला लागला.

"कंडक्टरच नाही? पैसे डब्यात टाकतात आणि बसतात? आणि एखाद्याने नाही टाकले तर?" मग थोड्या वेळाने, "ब्रेक बघ कसा दाबला. म्हातारी पडू नये म्हणून. हा माणूस बरा आहे." शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर मागच्या सीटपर्यंत जाऊन काही राहिलंय का बघायचा. कुणाची छत्री, कुणाचा रुमाल. सहदेवही तेच करायचा. त्याने मालनकडे बघितलं, पण तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळून ठेवलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

चौथ्या संध्याकाळी ते लाल रेघेपाशी आले. सिनेमा संपायला चौदा मिनिटं होती. ड्रायव्हरने शेवटच्या थांब्यावर गाडी उभी केली, चावी फिरवली, इंजिन शांत झालं. इथे वाक्य तुटलेलं नव्हतं, काही अर्धं नव्हतं.

"ऐशू इथवर आलेली," सहदेव म्हणाला. मग म्हणाला, "इथे मी नव्हतो आलो बहुतेक. ही नीट थांबलीये." त्याने विचारलं, "याचा शेवट काय सांगितलेला तिने?"

"आठवत नाही," मालन म्हणाली.

त्याने पुढे चालू केलं. ड्रायव्हरचा तो नोकरीतला शेवटचा दिवस होता. रिकाम्या बसमध्ये बसून त्याने मुलीला फोन लावला. पडद्यावर नुसती त्याची पाठ, फोनमधून तिचा आवाज, आणि खाली ओळी. सहदेवने चित्र थांबवलं, चष्मा सावरला, ओळ मनात वाचली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. पण एकही मोठ्याने वाचली नाही.

"काय म्हणते ती?" मालनने विचारलं.

मागच्या चार वेळा ही कशी रडली ते त्याला आठवलं. हिला एक तरी शेवट ऐशू लावायची तसा मिळू दे, असं त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, "म्हणते, बाबा, मी रविवारी येते. माझ्यासाठी जेवण ठेवा."

"आणि हा?"

"हा म्हणतो, बरं."

ड्रायव्हरने फोन खाली ठेवला. उठून मागच्या सीटपर्यंत गेला, काही राहिलंय का बघितलं, एकेक दिवा बंद केला आणि काळोखात पायरीवर येऊन बसला. पडद्यावर नावं सुरू झाली.

मालन म्हणाली, "येते म्हणाली, मग हा असा का बसलाय?"

"दमलाय."

मालन खाली बघत म्हणाली, "अहो, याचा शेवट तिने मला सांगितलाच नव्हता. मी विचारलेलं. म्हणाली, आई, हा मी ठेवलाय. हा बाबांबरोबर बघणार. यातला माणूस थेट बाबांसारखा आहे, मागची सीट तपासल्याशिवाय उतरत नाही."

सहदेवने रिमोट खाली ठेवला.

"मला कधी बोलली नाही ती."

"बोललेली. गणपती गेल्यावर, आजारी पडायच्या आधी आठ-दहा दिवस. तुम्ही नुकते आलेलात. ती म्हणाली, बाबा, चौदाच मिनिटं राहिलीत, बसा ना, मी सांगते तुम्हाला मागचं. तुम्ही म्हणालात, मला नाही कळत त्यांचं, बातम्या लाव."

त्याला आठवलं. रिमोट पुढे केलेला तिचा हात आठवला, मनगटावरचं काळं घड्याळ आठवलं. आणि ती काय म्हणाली तेही आठवलं. "बरं," म्हणाली होती ती.

"नदीवरनं तुमचा फोन आला तेव्हा मला हेच सुचलं," मालन म्हणाली. "म्हणून म्हटलं, तुम्ही म्हणा. कावळा तुमच्या बोलण्यावर आला. पण नंतर सांगायचा धीर झाला नाही मला. तुम्हाला सोसणार नाही असं वाटलं."

दहाव्याला, बाराव्याला, वर्षभरात कधीच जो माणूस रडला नव्हता, तो गुडघ्यांवर हात ठेवून लहान मुलासारखा रडला. चौदा मिनिटं. लेकीने फक्त चौदा मिनिटं मागितली होती. मालनने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडली.

पडद्यावर नावं सरकत होती. ती संपली की सिनेमा ओळीतून जाणार होता. सहदेवने बाहीने डोळे पुसले आणि घाईने रिमोट उचलला.

"मालन, मी खोटं वाचलं," तो म्हणाला.

"कळलं मला," ती म्हणाली. "लेकीसारखंच वाचलंत."

"हा तिने माझ्यासाठी ठेवलेला. हा असा नाही बघायचा."

त्याने सिनेमा मागे नेला. इंजिन बंद झालं तिथपर्यंत. पुन्हा ती रिकामी बस, ती पाठ, तो फोन. या वेळी त्याने चित्र थांबवलं नाही. ओळी जशा आल्या तशा, जमेल तेवढ्या घाईने वाचत गेला. बाजूला एक माणूस बसेल एवढी जागा त्याने सोडली होती, ती मालनने बघितली आणि ती सरकली नाही.

"'बाबा,'" सहदेवने वाचलं, "'मला नाही जमणार यायला. मी खूप दमलेय. तुम्ही जेवून घ्या बाबा. माझी वाट बघत बसू नका.'"

फोनमधला आवाज थांबला. पडद्यावर एक शब्द आला. मालन वाट बघत राहिली.

"तो काय म्हणतो?" तिने शेवटी विचारलं.

सहदेवने चष्मा काढला.

"बरं," तो म्हणाला. "बरं म्हणतो."

नावं शेवटपर्यंत सरकली. पिवळ्या मांजराखाली ऐश्वर्याचं नाव होतं, पण अर्ध्या सिनेमांची ती ओळ आता तिथे नव्हती. साडेसात वाजून गेले होते. मालन उठली आणि ताटं घ्यायला आत गेली.